फुसाएबाईंच्या गॅलरीतला मेपल

किसोच्या खोऱ्यातलं घर विकायचं ठरलं, तेव्हा फुसाएबाई रडल्या नाहीत. गुडघे गेले होते, छपरावरचा बर्फ ओढणं आता होत नव्हतं, आणि मुलगा शुहेई नागोयाहून फोन करकरून थकला होता. जायचं तर जायचं. फक्त अंगणातल्या मेपलपाशी पाऊल अडायचं. त्या लग्न होऊन आल्या त्या वसंतात नवऱ्याने, तामोत्सुने, जंगलातून वीतभर रोप आणून लावलेलं. आता ते छपराच्याही वर गेलं होतं, आणि घर घेणाऱ्याला नेमकी तिथेच गाडी उभी करायची होती.

धाकटा दीर गेन्झो वरच्या आळीत राहायचा. जन्म जंगलाच्या कामात गेलेला. पण भावाच्या माघारी त्याचं घर परक्याला जातंय म्हणून त्याने वहिनींशी बोलणं टाकलं होतं. पावसाळा तोंडावर आला तशा फुसाएबाई काठी टेकत त्याच्या दारात गेल्या.

"भावोजी, झाड हलवता येईल का?"

"घर विकताना विचारलंत मला?"

"नाही विचारलं. आता झाडाचं विचारतेय."

गेन्झो विळ्याला धार लावत राहिला. "शुहेईच्या चौथ्या मजल्यावर नेणार? मग छप्परही न्या की सोबत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो हजर. अंगठ्याएवढी जाड एक फांदी निवडून त्याने तिची साल गोल सोलली, भोवती ओलं शेवाळ थापलं, प्लास्टिक गुंडाळून दोन्हीकडून सुतळीने आवळलं.

"गुटी बांधलीय, इथे मुळं फुटतील. आता रोज सोडून बघू नका. तुमचा स्वभाव ठाऊक आहे मला."

पाऊस सरल्यावर लागणाऱ्या उन्हाळाभर गुटी बघायच्या निमित्ताने तो येत राहिला. चहा होऊ लागला. पानं गळायच्या सुमारास प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली. करवतीचा आवाज सुरू झाला तशा फुसाएबाई आत निघून गेल्या. बाहेर आल्या तेव्हा फांदी कुंडीत उभी होती, भरड लाल मातीत, वाऱ्याने हलू नये म्हणून सुतळीने बांधलेली.

वसंतात त्या कुंडी घेऊन नागोयाला शुहेईकडे आल्या आणि ती गॅलरीत ठेवली. जुनं झाड तोडलं त्या दिवशी गेन्झोचा फोन आला. दोघंही बराच वेळ हवेबद्दल बोलली.

ऑगस्टच्या कडक उन्हात पानांच्या कडा करपू लागल्या. फुसाएबाई दिवसातून तीनदा पाणी घालायच्या, आणि झाड अधिकच मान टाकायचं. शेवटी त्यांनी फोन लावला.

"तीनदा? मुळं कुजवताय का त्याची?" गेन्झो ओरडला. "आणि कुंडीखालची फरशी? हात लावून बघा."

फरशीने हात भाजला.

दोनच दिवसांत तो आगगाडीने आला, खांद्यावर फडक्यात बांधलेल्या फळ्या घेऊन. शहरातल्या या घरात तो पहिल्यांदाच पाऊल टाकत होता. फळ्या मांडून त्याने कुंडी उचलून वर ठेवली, वॉशिंग मशीनच्या आडोशाला सरकवली आणि समोर बांबूचा पडदा टांगला.

"मातीत बोट घालायचं. ओलं लागलं तर झारीला हात लावायचा नाही."

तरी पानं सगळी गळाली. फुसाएबाईंनी मनातून आशा सोडली होती. पण रोज सकाळी मातीत बोट घालायच्या. उन्हाळा सरता सरता फांदीच्या टोकांना नखाएवढी तांबूस पानं फुटली. त्यांनी शुहेईला हाक मारून दाखवली. "हं, छान," म्हणून तो कामावर गेला.

नोव्हेंबरात गेन्झो पुन्हा आला. शहराच्या उबेत पानं लाल झालीच नव्हती, कशीबशी मळकट नारिंगी.

"याला काय मेपल म्हणायचं?" तो पुटपुटला. "दादा असता तर हसला असता."

"हसू द्या. जिवंत आहे ना?"

गेन्झोने वाकून पुढच्या पालवीचा एक कोंब बोटाने चाचपला. टणक होता. "दोन वर्षांनी मुळं छाटावी लागतील. तुम्ही हात लावू नका. मी येईन."

फुसाएबाईंनी अक्रोडाचं वाटण लावून भाताचे गोळे भाजले होते, खोऱ्यात भाजतात तसे. त्याने ताटलीकडे बघितलं.

"एवढेच? इतक्या लांबून आलोय, वहिनी!"

त्या हसत उठल्या आणि आणखी भाजायला आत गेल्या.