स्वगतात समोर कोणी नसतं

पाटणेबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवअंकासाठी काही प्रसन्न आठवणी लिहून द्याव्यात, असं गौरवसमितीने मला कळवलं. अशा आठवणी माझ्याकडे आहेत. पण यंदाची एकपात्री स्पर्धा मध्ये येते, आणि ती वगळून बाईंबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

बाईंची पहिली ओळख पोलादपूरच्या शाळेत, मी सातवीत असताना झाली. स्नेहसंमेलनासाठी एका राणीचं स्वगत मी रंगमंचाच्या अगदी पुढे येऊन मोठ्याने म्हणत होते. बाईंनी थांबवून विचारलं, हे कोणाला सांगतेस? मी म्हटलं, लोकांना.

"मग दरबार भरला होता तेव्हा ती गप्प का होती?"

बाईंनी एका मुलीला समोर स्टुलावर बसवलं आणि मला तेच शब्द तिच्याकडे बघून सांगायला लावले. मग मुलीला उठवलं, स्टूलही उचललं आणि तेच पुन्हा म्हणायला लावलं. बाई म्हणाल्या, ऐकणारा असला की माणूस त्याच्याकडून काहीतरी मिळवायला बोलतो. ते कितीही लांबलं तरी भाषणच. ऐकणारा नसला की स्वतःला काय वाटतंय ते शोधत बोलतो, ते स्वगत. प्रेक्षकांना ते ऐकू येतं, एवढंच. निवृत्तीनंतरही बाई आपल्या पडवीत मुलांना हे शिकवत राहिल्या.

माझे वडील गेले तेव्हा बाई रोज दुपारी येऊन आईशेजारी भाजी निवडत बसत. सांत्वनाचं एक वाक्य त्या बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी आई आपणहून बोलू लागली, कोणालाच उद्देशून नाही. बाईंनी मान वर केली नाही.

आता स्पर्धेबद्दल. महाडच्या त्या तालुका स्पर्धेला बाई आणि मी परीक्षक होतो. वरंधच्या वरच्या वाडीतली लक्ष्मी नववीत शिकते. घरी म्हशी आहेत. दरडीच्या भीतीने वाडी रिकामी झाली आहे आणि घर सोडावं की नाही हे एक एकटी बाई ठरवते आहे, असं स्वगत तिने स्वतः रचलं होतं. चूल सारवत ती हळू बोलत राहिली. आमच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. गुण लिहायचे मी विसरून गेले होते.

ती पहिली आली. स्पर्धेच्या कार्यवाहांनी निकाल बदलला. परीक्षकांकडे पाहून सादर न केल्यास स्पर्धक बाद, हा नियम त्यांनी पुढे केला. समोर पाहुणे बसलेत, त्यांचा मान राखायला हवा, असंही म्हणाले.

बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे बघून बोलली असती तर तो अर्ज झाला असता."

त्यांनी निकालपत्रावर सही केली नाही. मी केली. पाहुण्यांना कशेडी घाट उतरून पुढे जायचं होतं, मला वाद नको होता, आणि एका परीक्षकाची सही पुरत होती. जिल्हा फेरीला दुसरंच नाव गेलं.

बाहेर लक्ष्मी बाईंना विचारत होती, "त्या घरात दुसरं कोन हायच नाय, बाई. मी बघू कोनाकडं?"

वय झालं म्हणून यापुढे बाईंना परीक्षक नेमायचं नाही, असं कार्यवाहांनी ठरवलं. तेच आता गौरवसमितीत बाईंसाठी शाल निवडत आहेत. याचा मला संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे. असा सत्कार तुम्ही का स्वीकारता, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माईक मिळतोय ना गो. तिथे मी स्वगत थोडंच म्हणणार आहे?"

जिल्हा फेरी पुढच्या महिन्यात आहे. निकालपत्रावरची माझी सही मी मागे घेतली आहे. मूळ गुणपत्रिका जोडून तसं पत्र स्पर्धेच्या समितीला दिलं आहे, आणि सर्वांनी वाचावं म्हणून इथेही लिहिते आहे. लक्ष्मीचं नाव पाठवा. नियम नंतर सावकाश बदला.

बाई, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आमच्यावर रागावण्याची ताकद शेवटपर्यंत राहो. तुम्ही गप्प बसलात, तर आम्ही सह्या करत राहू.