शेजारणीची गोळी आणि आईचा पंप

गेल्या रविवारी सकाळी सातपाटीला माहेरी गेले. आई खाटेवर वाकून बसली होती, एकेक श्वास ओढून घेत...

आईचा दमा जुना. पंप घेतला की पाच-दहा मिनिटांत मोकळी होते. त्या दिवशी मी स्वतः पंप दिला, थोड्या वेळाने परत दिला... काहीच फरक नाही. रिकामा झाला की काय म्हणून पाहिलं, तर भरलेला.

रिक्षा करून पालघरला दवाखान्यात नेलं. तपासता तपासता डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, आज दुसरं कुठलं औषध घेतलं?"

माझी नजर चुकवत आई म्हणाली, "बाजूच्या सुमनची गोली घेतली. छाती धडधडत होती. तिला त्या गोलीनं बरं वाटतं."

पिशवीतून तिने पाकीट काढलं. नाव वाचून मी सुन्न झाले. बोईसरच्या ज्या कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करते, तिथे याच औषधाची पावडर बनते. नऊ वर्षं मी ती तपासतेय... शरीरात जाऊन ती करते काय, हे कधी कुणाला विचारलंच नाही.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, वाफेतून वेगळं औषध दिलं. आई सलग बोलू लागली तेव्हा मी विचारलं, औषधाने औषध कसं अडतं?

"पेशीच्या बाहेरच्या बाजूला रिसेप्टर, म्हणजे औषध बसायच्या जागा असतात," ते म्हणाले. "पंपाचं औषध त्यावर बसलं की आत निरोप जातो, श्वासनळी सैल होते. गोळीने ती जागा आधीच धरली, पण निरोप दिला नाही."

"पण गोळी तर हृदयाची ना?"

"हृदयात असतात तसे रिसेप्टर फुप्फुसातही असतात. म्हणून मी वाफेच्या औषधाने नळी आवळणारे दुसरे रिसेप्टर बंद केले."

म्हणजे एक बंद झाला म्हणून आई गुदमरली, आणि दुसरा बंद केला म्हणून सुटली? मी मान डोलावली, पण डोक्यात नुसता गोंधळ...

संध्याकाळी घरी येताना आईने विचारलं, "मंग ती गोली वाईट हाय का?" मी "हो" म्हणायला गेले, मग "नाही"... सुमनताईंना तर तीच बरं ठेवते.

अजूनही सगळं नीट उमगलेलं नाही. पण डॉक्टरांनी तो एक प्रश्न विचारला, आणि ओरडा बसेल हे ठाऊक असूनही आई खरं बोलली... दोघांचेही उपकार.