व्हर्ना कांगासचं स्टिकरशी वैर

इल्मा गावात व्हर्ना कांगासच्या दुकानात शिरायचं तर बूट दाराशी काढावे लागत. आत असायचे लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर, पण जमीन व्हर्नाने पुसलेली असे, आणि तिच्यावर बर्फाने माखलेले बूट घेऊन चालायची छाती आयर्न रेंज म्हणतात त्या सगळ्या खाणपट्ट्यात कुणाची नव्हती. जन्मभर तिने लोखंडाच्या खाणीत घराएवढे डंपर दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका तळ्याकाठी विणकाम करत बसल्या, ही मात्र बँका-शाळांनी फेकलेल्या कॉम्प्युटरच्या ढिगात शिरली. उघडायचं, धूळ झाडायची, निकामी भाग बदलायचा आणि मग घासायचं. हे घासणं म्हणजे तिचं व्यसनच. संत्र्याच्या वासाचं द्रावण आणि बोथट सुरी घेऊन ती कॉम्प्युटरच्या पेटीवरचा एकूण एक स्टिकर खरवडून काढी.

"उतरलेला कोट द्यायचा तर आधीच्याचं नाव उसवून द्यावं," ती म्हणे. "घेणाऱ्याला वाटता कामा नये की आपण कुणाचं उष्टं घेतोय."

ऐकायला किती छान! आणि याच सवयीने तिला गोत्यात आणलं.

त्या वर्षी हरणांच्या शिकारीच्या मोसमात खाण बंद पडली. घरी बसलेल्या कामगारांना कॉलेजने पवनचक्की दुरुस्तीच्या वर्गात जागा दिल्या. वर्ग घरबसल्या, कॉम्प्युटरवर. अट एकच, पहिल्या दिवशी जो हजर नसेल त्याची जागा दुसऱ्याला. आता कॉम्प्युटर आणायचा कुठून? चर्चच्या जेवणात व्हर्ना हातात ताट घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कॉम्प्युटर मी देते. सगळ्यांना." तिला कुणी विचारलं नव्हतं. पण तिचा स्वभावच तसा, आधी बोलायचं आणि मग कंबर कसायची.

यंत्रं तयार होऊन रांगेत लागली आणि वर्गाच्या आदल्या आठवड्यात शहरातून एका सॉफ्टवेअर कंपनीचा वकील आला. नाव व्हिटलॉक, माणूस सभ्य. बूट काढून मोज्यांवर आत आला, एक पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "मिसेस कांगास, यावरचं परवान्याचं लेबल कुठाय?"

"कसलं लेबल?"

"लहानसं, रंगीत. हा कॉम्प्युटर जिच्यावर चालतो ती प्रणाली आमच्या कंपनीची. तिचा परवाना त्या लेबलाबरोबर असतो. यंत्र कितीही हातांत फिरो, लेबल असलं की परवाना आहे. लेबल नाही, तर तुम्ही चोरीचा माल वाटताय."

व्हर्नाचा हात एप्रनच्या खिशातल्या सुरीवर गेला. ते रंगीत लेबल तिला चांगलं आठवत होतं. सगळ्यांत चिवट गोंद त्याचाच, आणि सगळ्यांत जास्त शिव्याही तिने त्यालाच दिल्या होत्या. स्वतःच्या हाताने तिने सगळे परवाने खरवडून केराच्या टोपलीत टाकले होते!

व्हिटलॉकने कागद पुढे केला. "जाणूनबुजून आमच्या प्रणालीच्या चोरीच्या प्रती वाटल्या, असं कबूल करा, सगळी यंत्रं आमच्या ताब्यात द्या. खटला टळेल. नाहीतर सोमवारी मी तपासणीला येतो, आणि आमची प्रणाली सापडली की सरळ कोर्ट."

वर्ग सोमवारीच सुरू व्हायचा होता. व्हर्नाने कागद वाचला आणि परत सरकवला.

"मी मूर्ख आहे असं लिहून आणा, आत्ता सही करते. चोर लिहिलंय, त्यावर करणार नाही."

बोलली ठसक्यात, पण तो गेल्यावर रांगेतल्या एकेका पेटीवरून हात फिरवत राहिली. माणसं तिच्या भरवशावर होती. त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात तिने सगळ्यांसमोर आपली करणी सांगितली. सांगताना मान वर होईना.

पहिला हसला रूडी झुपान्चिच, खाणीतला सुरुंगवाला. "म्हणजे साफसफाई करून तू चोर ठरलीस? माझ्या आईला सांगू नकोस गं, ती आजपासून झाडू सोडेल!" सगळे हसले. मग रूडीचंच हसू मावळलं. "पण व्हर्ना, सोमवारचं काय? माझ्या घरात दोन पोरं आहेत. ही जागा गेली तर मला गावच सोडावं लागेल."

"एक उपाय आहे," व्हर्ना म्हणाली. "कंपनीची प्रणाली पुसायची आणि फुकटची घालायची. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणालाही वापरायला मोकळी. माझ्या स्वतःच्या यंत्रावर तीच आहे."

"मग आम्हाला का नाही दिलीस?" रूडीने विचारलं.

"वाटलं, तुम्ही म्हणाल म्हातारीने हलका माल गळ्यात मारला."

"रेंजवर फुकट काय मिळतं? सर्दी!" रूडी म्हणाला. पण व्हर्नाने तिथूनच वर्ग घेणाऱ्या कॉलेजच्या बाईंना फोन लावून चालेल का विचारलं, बरोबर आणलेल्या स्वतःच्या यंत्रावर वर्गाचं पान उघडून बघितलं, आणि ते पहिल्या फटक्यात उघडलं. मग रूडीनेच विचारलं, "कधी यायचं?"

शनिवारी दुकानाच्या दाराशी बुटांचा ढीग पडला. बायकांनी गरम पेस्ट्या आणल्या, आत मांस-बटाटा, वरून भाजलेली पारी. व्हर्ना कुणाच्याही यंत्राला हात लावीना. "तुझं आहे ना? तूच पूस, तूच भर." सुरुंग लावणारी जाडजूड बोटं बिचकत बिचकत बटणं दाबू लागली. रूडीचं दोनदा चुकलं, दोनदा त्याने देवाच्या नावाने शिवी हासडली. तिसऱ्यांदा पडदा उजळला, तसा तो असा ओरडला की बायकांच्या हातची कॉफी सांडली. आणि व्हर्नाने, हो, व्हर्नाने, ती जमीन तशीच राहू दिली.

सोमवारी सकाळी व्हिटलॉक आला. एक यंत्र चालू केलं, दुसरं, तिसरं. मग शेवटपर्यंत सगळीच.

"आमची प्रणाली कुठे गेली?"

"पुसली," व्हर्ना म्हणाली. "मला सवयच आहे पुसायची."

त्याने खाली बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण पगार कंपनीचा, त्यामुळे ते तिथेच राहिलं. "मग इथे माझं काही काम नाही," म्हणून तो बूट चढवायला गेला. त्याची गाडी वळणाआड जायच्या आत यंत्रं पिकअप गाड्यांत भरायला सुरुवात झाली.

संध्याकाळी रूडीने व्हर्नाला हट्टाने आपल्या स्वयंपाकघरात बसवलं. पडद्यावर कॉलेजच्या बाई एकेकाचं नाव घेत होत्या. लाहती, हजर. मात्तिला, हजर. व्हर्ना श्वास रोखून ऐकत होती. शेवटी झुपान्चिच. रूडी खुर्चीतून उठून "हजर!" म्हणाला. इल्मातलं एकही नाव गळलं नाही. व्हर्नाने एप्रनने डोळे पुसले आणि कुणी पाहिलं तर पाहू दे म्हणाली.

रूडीच्या कॉम्प्युटरच्या पेटीवर, लेबल खरवडलं होतं तिथे, एक चौकोन लख्ख चमकत होता. वर्ग संपल्यावर रूडीने खुंटीवरचं खाणीतलं हेल्मेट काढलं. ते कामगार संघटनेच्या स्टिकरांनी मढलेलं. त्यातला एक त्याने नखाने हळूच सोडवला आणि भीत भीत विचारलं, "इथे लावू का?"

"आण इकडे," व्हर्ना म्हणाली. "तुला सरळ लावता येणार नाही."

तिने तो चौकोन बाहीने पुन्हा एकदा पुसला, स्टिकर नीट बसवला आणि अंगठ्याने चारही कोपरे घट्ट दाबले.

"हा आता कुणी काढून तर दाखवावा," ती म्हणाली.