पत्ता मोजून घ्यायचा

एकाच खोलीत चार वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा मधेच घुसतो. आमची खोली भोरच्या बाजारपेठेत, कापडदुकानाच्या वर. दोन हजार सालानंतरचे दिवस. पुण्याच्या एका कंपनीच्या नेटवर्क यंत्रांसाठी आम्ही लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, कोड लिहायचो. मुनीर सर भोरचेच, दत्ता वेल्ह्याचा, मी विंझरची. आज मला जे येतं, ते त्या खोलीनं दिलं.

*

माझं पहिलंच काम. प्रोग्रॅम सॉकेटचा, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकाचा, पत्ता देतो आणि त्याची लांबीही सांगतो. तो कर्नलमध्ये उतरवून घ्यायचा. सांगितलेली लांबी मी खरी मानली. सरांनी सोळा बाइटच्या जागेत पाचशे बाइटचा पत्ता पाठवला. मशीन जागच्या जागी बंद! मी रडकुंडीला आले. सर रागावले नाहीत.

"सांगणारा काय बी सांगंल," ते म्हणाले. "जागा आपली. मोजून आपणच घ्यायचं."

*

मग मी जास्तीची लांबी अडवली, कमीचं विसरले. दत्तानं दोनच बाइट पाठवले. माझ्या कोडनं उरलेला पत्ता मेमरीतल्या जुन्या कचऱ्यातून वाचला आणि माहितीचं पाकीट भलत्याच मशीनकडे धाडलं.

दत्ता म्हणाला, "अगं, निम्म्या पत्त्यावर आमच्या वेल्ह्याची एसटी बी सुटत न्हाई."

*

दत्ताचीही पाळी आलीच. कर्नलनं प्रोग्रॅमला पत्ता परत द्यायचा होता. त्यात शेवटी आठ बाइट रिकामे असतात. ते शून्यानं भरायचे राहिले. तिथं आधीचं काहीबाही शिल्लक होतं, ते स्क्रीनवर उमटलं: shabana. सरांचा पासवर्ड, आणि वहिनींचं नाव!

सर चक्क लाजले. "भांडं घासूनच परत द्यावं," एवढंच बोलले आणि पासवर्ड बदलायला बसले.

*

पुढं माझा कोड पुण्याला गेला आणि तिथली यंत्रं बंद पडू लागली. काम हातचं जायची वेळ आली. शोधलं तर कुणीतरी लांबी उणे एक पाठवली होती. उणे एक सोळाहून लहानच, म्हणून माझ्या जास्तीच्या तपासणीतून ती सुटली; कमीची तपासणी मी कॉपीनंतर ठेवली होती. कॉपी करताना मात्र उणे चिन्ह मानलं जात नाही, त्यामुळे तीच संख्या प्रचंड मोठी धरली गेली. दोन दिवस सर माझ्या शेजारी बसून राहिले. कीबोर्डला हात लावला नाही. दुरुस्ती माझ्याकडूनच करून घेतली, आणि यंत्रं सुरळीत चालली.

मग कंपनीचे साहेब भोरला आले. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी उठायच्या आत सर म्हणाले, "माझी. तपासून मीच पुढे पाठवलं होतं."

"आणि दुरुस्ती कुणी केली?"

सरांनी माझ्याकडे हात केला.

साहेब चक्रावले. "चूक तुमची आणि दुरुस्ती हिची?"

"व्हय," सर म्हणाले. "आमच्यात वाटणी तशीच आहे."