सर्जेरावांनी झाडलेली वाळू

जवाहर नगरात आमच्या शेजारी सुभेदार सर्जेराव राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठचे. फौजेत तीस वर्षं सॅपर होते, म्हणजे नदीवर पूल टाकायचे आणि जमिनीतले सुरुंग काढायचे. शेवटची बदली जयपूरला झाली, मुलाने इथेच घर घेतलं आणि हा नदीकाठचा माणूस नदी नसलेल्या शहरात अडकला. "झोपंत पाणी वाहिल्यागत ऐकू येतं," ते मला सांगायचे, "उठून बघतो तर कूलर." मी हसायचे. त्यांना हसू यायचं नाही.

रोज पहाटे ते आपलं अंगण झाडत, मग आमचं, मग समोरचा रस्ता. माणूस गेल्यावर त्याची खूण मागे राहता कामा नये, ही पलटणीची शिस्त. एका दिवाळीत माझी रांगोळीसुद्धा या शिस्तीला बळी पडली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

मार्चमध्ये आमच्या कॉलेजचा गट सवाई माधोपूरच्या पुढे चंबळेवर निघाला. राफ्टमधून प्रवास, वाळूवर तंबू, आणि काम कासवांचं. मादी रात्री वाळूत अंडी घालून जाते. सकाळी तिच्या मागावरून घरटं शोधायचं आणि वर जाळी ठोकायची, नाहीतर कोल्हे उकरून खातात. हे कळल्यापासून सर्जेराव आमच्या फाटकाशी घुटमळू लागले. त्यांचा मुलगा निलय म्हणाला, "बाबा, मतलब, अडुसष्ट झालेत तुम्हाला." गटप्रमुख दर्शनही कां कूं करत होता. मीच हमी घेऊन बसले. नको तिथे तोंड उघडायची माझी खोड जुनी आहे.

नदीवर मात्र सर्जेराव वेगळेच दिसले. वल्हं हातात आल्यावर गुडघेदुखी कुठल्या कुठे गेली. दुपारी पाणी संथ झालं आणि राफ्ट आपली आपण वाहू लागली. दोन्ही काठांच्या मातकट दरडी हळूहळू मागे सरकत होत्या, उन्हात सगळं अर्धवट झोपेत असल्यासारखं. दर्शन कासवांचा माग कसा ओळखायचा ते समजावत होता, आणि सर्जेराव डोळे मिटून पाण्यात हात सोडून बसले होते.

"काका, हात अंदर. मगर आहे इथे," दर्शन ओरडला.

सर्जेरावांनी हात काढला, डोळे उघडले नाहीत. इतका सुखी माणूस मी जयपुरात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी तंबूबाहेर आले. नदीवर धुकं होतं, पैलतीर नव्हताच. आणि आमच्या तंबूंपासून पाण्यापर्यंतची वाळू झाडून लख्ख! काठावरच्या झाऊच्या झुडपाची फांदी हातात घेऊन सर्जेराव समाधानाने उभे होते.

दर्शन माझ्या मागोमाग आला आणि त्याचा चेहराच उतरला. "काका, इथे काही निशाण होते?"

"व्हते की. कुणीतरी जड पोतं वढत नेल्यागत. पुसून टाकलं."

"ती मादी होती," दर्शन म्हणाला. दहाला आम्हाला निघायचं होतं. तोवर जाळी बसली नाही तर अंडी कोल्ह्यांची.

मला सर्जेरावांचा असा राग आला की काय सांगू! पण मी तोंड उघडायच्या आत ते हलले. झाऊची फांदी त्यांनी खाली ठेवली, एक बारीक सरळ काठी सोलून घेतली आणि वाळूवर पालथे पडले.

काठी तिरपी धरून हलकेच टोचायची, काढायची, दोन बोटं पुढे पुन्हा टोचायची. सुरुंग असेच शोधत असत.

"काका, अंडी फुटतील."

"सुरुंग फुटू दिला न्हाई, पोरा. अंडं फुटू देईन व्हय?"

धुकं विरलं, ऊन आलं. ते वीतवीत पुढे सरकत होते, आम्ही सगळे मागे उभे. कुणी चहासुद्धा ठेवला नाही. दर्शन घड्याळ पाहू लागला होता, तेवढ्यात काठी जरा जास्तच सहज आत गेली; तिथली वाळू उकरून बुजवलेली होती. सर्जेराव थांबले. काठी बाजूला ठेवून त्यांनी हाताने वाळू सारली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसेच पडून राहिले.

"हायती," ते म्हणाले. "ऊबदार हायती."

दर्शनने जाळी ठोकली तेव्हा ते पाण्याकडे तोंड करून बसले होते. मी जवळ गेले. "काठीला काय लागलं की छाती धडधडायची माझी," ते म्हणाले. "आजबी तशीच धडधडली बघा." आणि माझ्यासमोर उघड रडले.

मग दोन महिने त्यांनी माझा जीव खाल्ला. भेटेल तेव्हा एकच प्रश्न, "दर्शनचा फोन?"

मे महिन्यात एका पहाटे तो फोन आला; दर्शन पिल्लांसाठी पुन्हा नदीवर गेला होता. सर्जेराव आमचं अंगण झाडत होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, पिल्लं निघाली. सगळी पाण्यात गेली."

सर्जेराव झाडूवर रेलून उभे राहिले.

"वाळूवर पावलं उठली असतील त्यांची?"

"हो ना, पाण्यापर्यंत. छोटी छोटी."

"ऱ्हाऊ द्या तशीच," सर्जेराव म्हणाले. "कुणी झाडू नका."