गाऱ्हाण्यातलं रॉकेट

लोकांच्या घरात नवरा-बायको आमटीतल्या मिठावरून भांडतात, आमच्या घरात रॉकेटांवरून. आणि सांगायला हरकत नाही, बहुतेक वेळा मीच जिंकते. कणकवलीच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. आमचे हे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. दोघंही निवृत्त झालो आणि मालवणजवळच्या ह्यांच्या गावी येऊन राहिलो. ह्यांना समुद्र मिळाला, माझा मात्र वर्ग गेला. शिकवायची सवय लागलेली जीभ काही केल्या गप्प बसत नाही. म्हणून कुठलंही उड्डाण असलं की मी मोबाइल घेऊन किनाऱ्यावर जायची आणि ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत जाळी दुरुस्त करत बसलेल्यांना पडद्यावर काय चाललंय ते समजावून सांगायची. त्यांना हवं होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही.

माझ्या शिकवणीचा पहिला धडा असा, की रॉकेटांचीही घराणी असतात. एकेक रॉकेट सुटं बघायचं नाही, कूळ बघायचं. आपल्याकडचं माझं लाडकं घराणं पीएसएलव्हीचं. चार टप्पे, एक घन इंधनाचा, एक द्रव, पुन्हा घन, पुन्हा द्रव. दिसायला साधं, कामाला चोख. चंद्राकडे पाठवलेलं आपलं पहिलं यान त्याने नेलं, मंगळाकडचं त्याने नेलं, एकदा तर एका खेपेत शंभरावर उपग्रह नेऊन सोडले. दुसरं घराणं जीएसएलव्हीचं. हे जास्त वजन आणि जास्त लांब न्यायला काढलेलं. त्याचा सगळ्यात वरचा टप्पा द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालतो, आणि ही इंधनं इतकी थंड ठेवावी लागतात की आपला बर्फ त्यांच्यापुढे गरम म्हणायचा. थंडीचं काम नाजूक, त्यामुळे हे घराणं बरेचदा घसरलं. त्याचं टोपणनावच व्रात्य पोर असं पडलं होतं. मी त्याचं मालवणी करून टाकलं, उनाड झील. झील म्हणजे मुलगा. किनाऱ्यावर ते नाव लगेच रुळलं.

आमच्या ह्यांचा जीव त्या उनाडावरच. त्यांचं म्हणणं, "तुजा पीएसएलव्ही म्हणजे होडी. बरी आसा, मी खंय नाय म्हणतंय? पण होडयेतसून जड माल आफ्रिकेक नेशीत काय? थंय जहाजच व्हया." मी म्हणायची, जहाज हवं, पण तरंगणारं. मग ते इंजिनावर यायचे. थंड इंधनाचं इंजिन हेच खरं इंजिन, बाकीचे फटाके. आणि मग मी माझा हुकमी एक्का काढायची. जीएसएलव्हीच्या मधल्या घन टप्प्याचं इंधन आधी संपतं, पण बाजूला बांधलेली चार द्रव इंजिनं त्यानंतरही जळत राहतात. त्यांचं होईपर्यंत मधला रिकामा खांब तसाच वाहून न्यायचा. ही कसली रचना?

"पंगत आसा ती," हे शांतपणे म्हणायचे. "आपला जेवान झाला म्हणून पंगतीतसून कोण मधीच उठता काय?"

यावर अख्खा किनारा हसायचा. पण आकडे माझ्या बाजूचे होते, हे मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगेन.

परदेशी घराणीही मी सोडली नाहीत. रशियाचं सोयूझ सगळ्यांना एकदम पटलं. वर्षानुवर्षं मूळ साचा तोच, वरवरची डागडुजी फक्त. आमच्याकडेही आजोबाच्या मापाने नातू होडी बांधून घेतो, त्यात त्यांना नवल वाटलं नाही. अमेरिकेच्या फाल्कनचं मात्र मला वाटलं होतं की बघून सगळे तोंडात बोटं घालतील. खालचा टप्पा वर जाऊन परत येतो आणि उभाच्या उभा उतरतो. ह्यांचे काका, म्हणजे माझे चुलतसासरे, मोबाइलवर वाकून बघत होते. त्यांच्या दोन होड्या, आणि गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांच्याच घराण्याचा. ते सरळ होत म्हणाले, "परत येवचाच नाय तर गेला कित्याक?" आणि पुन्हा जाळ्याला लागले. समुद्रावर जाणाऱ्याला परत येण्याचं कौतुक नसतं, ते त्याने गृहीत धरलेलं असतं. त्या दिवशी माझा धडा तिथेच संपला.

आमची मुलगी ह्या दोन पक्षांच्या भांडणात वाढली. ती इंजिनिअर झाली आणि बेंगळुरूच्या एका खाजगी कारखान्यात लागली. काय काम करते हे विचारलं की झडपा तपासते म्हणायची. मलाही वाटलं, पंपाबिंपाच्या असतील. मग जीएसएलव्हीचं एक उड्डाण वरच्या थंड टप्प्यात फसलं. हायड्रोजनच्या टाकीवरच्या एका झडपेतून गळती झाली होती असं पुढे जाहीर झालं. मी किनाऱ्यावर हात झटकून म्हटलं, "सांगितलंय ना? उनाड झील!" त्यानंतर काही महिन्यांनी मुलीचा फोन आला, की आता त्या झडपेच्या चाचण्यांचं काम तिच्याकडे आलंय.

"म्हणजे उनाडाक वळण लावूक तुका ठेवल्यानी," मी म्हटलं.

ती मग म्हणाली, "आई, तू तेका उनाड म्हणतंस मा, तेव्हा माका वाटता तू माकाच म्हणतंस."

मी जेवलीस का म्हणून विचारलं. आयांचं हे बरं असतं, काही सुचलं नाही की जेवणावर जायचं.

दोन वर्षं ती त्या झडपेशी झगडली. थंड करायची, दाब द्यायचा, गळते का बघायचं, पुन्हा थंड करायची. त्या काळात ती घरी आली की माशाचं कालवण पुढे ठेवून झडपेच्या रबरी सीलबद्दल बोलायची. पुढचं उड्डाण ठरलं, त्यावर दिशा दाखवणारा उपग्रह जाणार होता. उड्डाणाआधीच्या फोनवर ती म्हणाली, "आई, ह्या टायमाक गळला तर लोक झडपेचा नाव घेतले. आणि झडप म्हणजे मी." भित्री नाही माझी मुलगी. पण तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

उड्डाण मे महिन्याच्या अखेरीस, सकाळी होतं. आमच्याकडे त्याच सुमारास मासेमारीचा हंगाम संपतो, होड्या वर ओढून माडाच्या पानांच्या झापांनी शाकारतात आणि राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने, चारचौघांत केलेलं बोलणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून पाठिंबा द्यायचा. त्यात एक शिस्त आहे. देवाला मोघम सांगून चालत नाही. कोण चाललाय, कशातून चाललाय, कुठे चाललाय, सगळं नावानिशी सांगायचं. होडीचं नाव चुकलं तर राखण भलत्याच होडीची होते, असं काका पोरांना दटावून सांगत आलेत.

तर आमच्या ह्यांनी काकांना सांगून ठेवलं, की आज आमच्या चेडवाचं रॉकेट जातंय, गाऱ्हाण्यात दोन शब्द घाला. चेडू म्हणजे मुलगी. कुठलं रॉकेट, हे ह्यांनी सांगितलं नाही, काकांनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? सूनबाईकडून इतकी वर्षं ऐकत होतेच की.

माडांच्या खाली राखणदाराचा चौथरा आहे. सगळे जमले. काकांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. हंगाम पार पडला त्याचं सांगून झालं, होड्यांचं झालं, गुराढोरांचं झालं. मग म्हणाले, "आज आमच्या घरातल्या चेडवाचा पीएसएलव्ही आभाळात जाता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका सरळ वाटेन ने, म्हाराजा! आणि तो दुसरो उनाड झील आसा, जीएसएलव्ही, तेका वाटेतसून बाजूक कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. त्यात मीसुद्धा. तोंडात बसलेलं असतं, निघून जातं.

मग काय मागितलं गेलं ते माझ्या लक्षात आलं. काकांनी नारळ वाढवला होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. बोटीवर वादळं बघितलेला माणूस, पण चेहरा पांढरा पडला होता. मी विज्ञान शिकवलेली बाई. नारळाने झडप गळत नाही आणि नारळाने थांबत नाही, हे मी कुणालाही फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पण माझ्या मुलीच्या दोन वर्षांवर, माझेच शब्द वापरून, माझ्याच गावाने देवाकडे खोट मागितली होती आणि मी त्याला व्हय म्हटलं होतं. ते तसंच ठेवून मोबाइल उघडायचं माझ्याच्याने होईना.

बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही. मनाई आहे असंही मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मी पदर खोचला आणि चौथऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काकांनू, नाव चुकला," मी म्हटलं. "आज जाता ता जीएसएलव्ही. चेडवाची झडप तेच्यातच आसा."

काकांचा हात कपाळावर गेला. पण माणूस जुना आणि समजूतदार. ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "मगे तूच घाल बाये. तेची सगळी कुळकथा तुकाच म्हायत."

आयुष्यभर वर्गापुढे बोलले, पण असा वर्ग नव्हता. मी सुरुवात केली.

"बा राखणदारा म्हाराजा! आताच्या गाऱ्हाण्यात नाव चुकला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पीएसएलव्ही आज खंयच जाणा नाय, तेका घराकडे स्वस्थ बसांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" कुणीतरी खुदकन हसलं.

"आज जाता ता जीएसएलव्ही. तेच्या माथ्यार थंड हायड्रोजनची टाकी आसा, टाकयेक एक झडप आसा. ती झडप आमच्या चेडवान दोन वर्सां तपासल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका उनाड म्हणान मीच बदनाम केलंय. माज्या तोंडाक बांध नाय, ह्या तुका म्हायत आसा, म्हाराजा!"

ह्या वाक्याला गावाने जो होकार भरला, तसा आधीच्या एकालाही भरला नव्हता. आमचे हे तर सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

"ता उनाड नाय, म्हाराजा. तेच्यार वजनच जड आसा. तेका सांभाळून ने, आणि जा ओझा घेवन गेला ता जागेर पोचव, म्हाराजा! काय चुकला माकला आसात ता पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

दुसरा नारळ कुणी आणला ते कळलं नाही, पण आला. तो ह्यांनी वाढवला.

मग होडीच्या सावलीत मोबाइल उघडला. आग दिसली, धूर दिसला, रॉकेट उचललं गेलं. पहिला टप्पा, पंगत एकदम उठली. दुसरा टप्पा. पडद्यावर एक आखलेली रेघ होती आणि तिच्यावरून खरी रेघ सरकत होती. मागच्या खेपेला थंड टप्प्यापाशी येऊनच ती खाली वळली होती, हे आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर होतं. वरचं इंजिन पेटल्याचं सांगितलं गेलं. हे इंजिन बराच वेळ जळतं, आणि तेवढा वेळ बघण्यासारखं काहीच नसतं, नुसती रेघ. समजावून सांगायला माझ्याकडे खूप होतं, पण मी रेघेवरून नजर काढली नाही. काकांनी दोनदा विचारलं, "झाला काय?" मी मान हलवून नाही म्हटलं. ह्यांनी माझा हात धरला होता, भर किनाऱ्यावर, काकांच्या देखत. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

रेघ वळली नाही. उपग्रह सुटा झाल्याचं सांगितलं आणि पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. काका म्हणाले, "पोचला मा? मगे आता चाय करा." आमचे हे डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "आपलो तो बाब्यो, दुसऱ्याचा ता कार्टा. काय गो?" मी त्यांना म्हणू दिलं. त्याचं उट्टं काढायला पुढे अख्खं आयुष्य आहे असं वाटलं होतं. पण पुढे माझ्या लाडक्या पीएसएलव्हीचंही एक उड्डाण फसलं आणि ह्यांनी "भरवशाच्या म्हशीक टोणगो" म्हणून आठवडाभर माझं जेवण कडू केलं. तरीही सांगते, घराण्याची पारख एका खेपेवरून करत नाहीत. मी दोन्ही घराण्यांबाबत आता हेच शिकवते.

चहा व्हायच्या आधीच मुलीचा फोन आला. मागे नुसता गोंगाट. ती हसत होती, धापा टाकत होती, शब्द तुटत होते.

"आई, बगलंस मा? तुजो उनाड झील पोचलो!"

"उनाड कोणाक म्हणतंस गो?" मी म्हटलं. "घरचो आसा तो."

तिकडचं हसणं थांबलं. मग इतक्या गोंगाटातही मला नीट ऐकू आलं, माझी मुलगी रडत होती. ह्या खेपेला मी जेवलीस का म्हणून विचारलं नाही.