लिंबावर अडलेली खुर्ची

जिन्यावरून खुर्ची चालते हे सासूबाईंना पटवून देण्यात माझी जेवढी शक्ती गेली, तेवढ्यात माझी पीएच.डी. झाली असती. मी पूर्णिमा. माहेर कोथरूडचं, त्यामुळे टोमणा मारल्याशिवाय मला घास गिळवत नाही. सासर हडपसरचं. इथे टोमणे नाहीत, थेट ओरडतात.

ओरडण्याला कारणही आहे. सासूबाई, म्हणजे वेणूबाई, वरच्या मजल्यावर आमच्याजवळ राहतात. त्यांची थोरली जाऊ बायडाबाई खाली. दोघींनी उभा जन्म एका चुलीवर भाकऱ्या थापल्या. मग सासूबाईंचा डावा पाय लकव्याने गेला आणि त्याच सुमाराला बायडाबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. एकीला उतरता येईना, दुसरीला चढता येईना. दवाखान्यातून आल्यावर सासूबाईंना चौघांनी उचलून वर नेलं, त्या दिवशी त्या ढसाढसा रडल्या. "पुन्यांदा मला पोत्यावानी उचलू नगा," एवढंच बोलल्या. तेव्हापासून डॉक्टर घरी येतात, आणि दोन्ही जावा जिन्याच्या दोन टोकांना बसून गप्पा मारतात. भाजीला मीठ जास्त पडलं तरी अख्ख्या गल्लीला कळतं.

पण दसऱ्याचं काय करायचं? धाकटीने थोरलीच्या हातावर सोनं ठेवून पाया पडायचं, ही घरची रीत. गेले दोन दसरे आपट्याची पानं पिशवीत घालून दोरीने खाली सोडली. यंदा सासूबाईंनी फर्मान काढलं, "हातानं देनार. न्हाईतर देनारच न्हाई."

म्हणून ही खुर्ची. भिंतीकडेने वरपासून खालपर्यंत रूळ, त्यावर विजेवर सरकणारी खुर्ची, पट्टा, पाय ठेवायला फळी, हाताशी बटण. बसवायला आलेल्या वैजनाथने आदल्या दिवशी स्वतः बसून वर-खाली करून दाखवलं. माझ्या नवऱ्याने, सुदर्शनने, 'टेस्टिंग' म्हणून इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी मी त्याला तिकीट मागितलं.

दसऱ्याच्या सकाळी गाड्यांसोबत खुर्चीलाही हार घातला, हळदकुंकू लावलं. जिन्याच्या पायऱ्यांवर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. सासूबाई हिरवी इरकल नेसून, मुठीत पानं घट्ट धरून बसल्या. मी पट्टा लावला.

"दाबू का गं?"

"दाबा, आई!"

खुर्ची निघाली! सासूबाईंनी आधी डोळे मिटले, मग एक उघडला, मग दोन्ही, आणि लहान पोरीसारख्या हसायला लागल्या. "आक्का! आले गं, आले!" खालून बायडाबाई ओरडत होत्या, "ये, ये! दमानं ये!" मी टाळ्या वाजवत मागून उतरत होते. सुदर्शन खाली उभा राहून व्हिडिओ काढायचं विसरून नुसताच बघत होता.

खालच्या तीन पायऱ्या उरल्या आणि खुर्ची थांबली.

बटण दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला. "उचलू नगा हां मला," त्या पुटपुटल्या. मी वैजनाथला फोन लावला.

"फळीखाली काही अडकलं तर ती आपोआप थांबते, मॅडम. बघा जरा."

मी वाकून पाकळ्या बाजूला केल्या. पायरीवर, बरोबर फळीखाली, एक पिवळंधमक लिंबू होतं.

बायडाबाई छताकडे बघू लागल्या.

"मोठ्या आई?"

"मग? नवी गाडी हाय. चाकाखाली लिंबू नगं? हिला चाकंच दिसंनात, म्हनून खालनं हात पुरला तितं ठिवलं!"

मी कपाळावर हात मारला आणि लिंबू काढायला वाकले. पण तेवढ्यात वर पाहिलं आणि तशीच थांबले. खुर्ची अशा जागी अडली होती की बसलेल्या सासूबाई आणि उभ्या बायडाबाई बरोबर समोरासमोर आल्या होत्या. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. आवाज रोज ऐकत होत्या, पण चेहरे इतक्या जवळून?

"किती वाळलीस गं, येनू."

"तू बी पार पिकलीस की, आक्का."

सासूबाईंनी पानं थोरलीच्या हातावर ठेवली. पाया पडायला वाकणार कशा? पट्टा लावलेला, आणि धाकटीचेच पाय थोरलीच्या पोटाशी आलेले. बायडाबाईंनी पानं कमरेला खोवली आणि तो निर्जीव डावा पाय दोन्ही हातांत धरला.

"ह्योच का गं त्यो?"

"आक्का, पायाला हात नगं! पाप लागंल मला."

"गप बस," बायडाबाई म्हणाल्या आणि पाय चोळू लागल्या. मला रडू आवरेना, आणि आनंद तर त्याहून आवरेना.

फोनवर वैजनाथ अजून होताच. "मॅडम, निघालं का लिंबू?"

"नाही," मी म्हटलं. "राहू दे जरा. घाई नाही."